रोटाची खोली

इतवारा, बुऱ्हाणपूर
१२ जुलै २०२२

निर्मलावहिनींस,
सा. न.

तीन वर्षं मोठ्या जावेला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा करा. कारणं लिहून काढली होती. वाचल्यावर मलाच पटली नाहीत, म्हणून तो कागद ठेवून दिला. फोनही करून पाहिला होता. तुमच्याकडे माझा नंबर बंद केलेला दिसतो. त्याचा राग नाही. पत्र तेवढं कुणाला बंद करता येत नाही, पोस्टमन ते टाकूनच जातो.

मला नोकरी लागली आहे, या वयात. नव्या विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात, तंत्रज्ञान विभागात. नेमणूक तात्पुरती आहे. काम बघून ऑगस्टमध्ये कायम करायचं की नाही ते ठरेल. धूलकोट, नेपानगर, अशी आसपासची लहान महाविद्यालयं आता एकाच विद्यापीठात जोडून घेत आहेत. जिथे प्रयोगशाळा नाही तिथल्या मुलांना ती संगणकात बांधून द्यायची, असं आमचं काम. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवला की माणूस त्या जागेत उभा असतो. मान वळवली की जागा वळते. साध्या मोबाईलवरूनही आत जाता येतं, चालता-बोलता येतं, वस्तू उचलून दुसरीकडे ठेवता येतात.

पहिल्या दिवशी मला इतकं गरगरलं की टेबल समजून मी हवेवर हात टेकला. नेटवर्कचं बघणारे भिकन पाटील म्हणाले, "मॅडम, आदत पडेल. मी तर सीधा कूलरवर जाऊन आदळलो होतो. कूलरला पोचा आहे, पाहून घ्या."

शिकायचं म्हणून आठवडाभर मी परक्यांनी बांधलेल्या जागांत हिंडले. एक बर्फाचं गाव होतं. एक विमानतळ होता, नुसता उजेडाचा. एका देवळात देव बसवायचाच राहून गेला होता. कुठेच कुणी भेटलं नाही. तरी मला ते हिंडणं फार आवडलं, आणि घरी भाकरी थापताना प्रश्न पडायचा की ज्यात एवढी मजा वाटते त्याला काम म्हणावं का.

मग सरावासाठी स्वतःची एक जागा बांधायला सांगितली. डोळे मिटून आठवेल अशी. मला आपली कानबाईची खोली आठवली. मी ती बांधली. चौरंग, चारी बाजूंना केळीचे खांब, नारळाची कानबाई, तिची नथ, भिंतीलगत पुरुषांच्या पंगतीचे पाट. एक पाट चुकून जास्तीचा झाला, तो मी कोपऱ्यात उभा करून ठेवला. दाराशी माहितीचा फलक लावायचा असतो. त्यावर मी लिहिलं:

'कानबाई ही खानदेशातल्या घरांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात, सोमवारी नदीवर निरोप देतात. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. त्यासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळतात. रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे. त्या खोलीत परक्याने पाऊल ठेवायचं नसतं.'

हे माझ्या हाताने लिहिलं आणि खालच्या चौकटीत 'सर्वांना प्रवेश' अशी खूण केली. तेव्हा मला काहीच खटकलं नाही, हे आज नवल वाटतं.

आमचे संचालक चौकसे सर यांना खोली इतकी आवडली की त्यांनी पेपरात बातमी दिली आणि आत यायचा पत्ताही छापून आणला. लोक येतात, फिरतात, जातात. रोज पहाटे खोली आपोआप मूळच्या मांडणीवर येते, तशी सोय आहे.

तर विचारायचं ते असं. रोज दुपारी कुणीतरी तो कोपऱ्यातला पाट उचलून पंगतीत मांडतं. भलत्या जागी नाही. खिडकीजवळ, सगळ्यांच्या आधी. आधी मला सॉफ्टवेअरचा दोष वाटला, मी कंपनीला तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की वस्तू आपोआप हलत नाहीत, कुणीतरी हलवतं आहे.

त्या जागी कोण बसायचं ते मी तुम्हाला सांगायला नको.

वहिनी, पाट मांडणाऱ्या तुम्ही आहात का?

तुमची,
वंदना

&nbsp;

२१ जुलै

निर्मलावहिनी,

तुमचं उत्तर नाही. कदाचित यायचं असेल. तोवर इकडे वेगळंच सुरू झालं आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

शेजारच्या गोदाबाईंनी बाजारातून बातमी आणली. मी कामावरून आले तर सासूबाई दारातच बसलेल्या.

"वंदना, आपल्या रोटाच्या खोलीत लोक बूट घालून फिरून राहिले म्हने?"

"बाई, ती खरी खोली नाही. चित्र आहे."

"चित्र. मंग त्यातली कानबाई कोनाची हाये?"

"आपलीच."

"नथ?"

"आपलीच."

"मंग खोली बी आपलीच झाली ना व?"

नोकरीवर मी लोकांना सांगते की तुम्ही खरोखर तिथे आहात असं समजा, आणि घरी सांगते की तिथे काहीच नाही.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "रविवारच्या आत, सात तारखेच्या आत ते पुसून टाक. नाही पुसलं तर मी औंदा कानबाई बसवनार नाही. परक्यांनी तुडवलेल्या जाग्यावर मी तिले बसवू कशी?"

आमचे हे बूट घालता घालता म्हणाले, "पुसून टाक ना. एका बटनाचं तर काम आहे."

"त्या बटनावर माझी नोकरी आहे."

"मग जाऊ दे नोकरी. अगोदर काय उपाशी होतो आपण?"

"उपाशी नव्हतो. पण तेव्हा कुणी मला नावाने हाक मारत नव्हतं."

हे बोलून गेले आणि लाज वाटली. त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि निघून गेले.

चौकसे सरांकडे गेले. माणूस वाईट नाही. नुसता घाईत असतो.

"वंदनाजी, सहा तारखेला भोपाळची टीम येते आहे. यही तो अपना शोपीस है. बाकी सब सेंटरने तीच फिजिक्सची लॅब केली आहे. आपल्याकडे मिट्टी की खुशबू आहे."

"सर, माझ्या घरच्यांचा विरोध आहे. ती देवाची खोली आहे."

"अरे, घरच्यांनाच घेऊन या! फोटो काढू त्यांचा. खूश होतील."

सहा तारीख शनिवार. कानबाई रविवारी. शनिवारी खोली दाखवली तर भोपाळच्या माणसांचे अनोळखी पाय पंगतीवरून चालतील आणि सासूबाईंना ते कळल्याशिवाय राहणार नाही. आधी पुसली तर माझ्याकडे दाखवायला संगणकात अर्धवट बांधलेला केळीचा बाग आहे, ज्यात पानं खांबाऐवजी जमिनीतून निघतात.

सरांना मी हेही सांगितलं नाही की तीन वर्षांपूर्वी घरच्या याच खोलीतून दादा, माझे थोरले दीर, उठून गेले. त्या दिवशी गहू मोजताना त्यांनी रोहिणीच्या नावाची मूठ घाला म्हटलं. आम्हाला मुलगा नाही तर मुलीची घाला, एवढंच. "पोरीची मूठ घालत नसतात, ती दुसऱ्या कुळात जाणार," असं आमचे हे म्हणाले. तेव्हा दादा म्हणाले, "मग माझीही घालू नको, गजानन." तुम्ही त्यांच्यामागे रोहिणीचा हात धरून उंबरा ओलांडलात, ते मला दिसतं. खोली बांधताना उंबऱ्याशी मी फार वेळ थांबले होते. तो किती उंच होता ते नेमकं आठवेना.

दुपारी पाट अजून मांडला जातो. सकाळी तो कोपऱ्यात बघून मला बरं वाटतं, कारण मग दुपार यायची असते.

वंदना

&nbsp;

२९ जुलै

निर्मलावहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. 'मी कुठल्याही खोलीत आलेली नाही. त्या घरातलं मला काही दाखवू नका, काही विचारू नका. तुमची नोकरी चांगली चालो.' शेवटचं वाक्य तुम्ही कसं लिहिलं असेल याचा विचार करत बसले. तुम्ही रागात असतात तर ते लिहिलंच नसतं, असं मी ठरवलं आहे. चूक असेल तर तसं राहू द्या.

तुम्ही नाही म्हणता म्हणजे नाही. मग कोण, हे बघायला आज मी चष्मा चढवून खोलीत जाऊन थांबले. विभागात भिकन पाटील होते, आणखी दोघं होते. मी सांगितलं, चाचणी करते आहे.

खोलीत बराच वेळ कुणी आलं नाही. एक मुलांचं टोळकं आलं, केळीच्या खांबांतून आरपार गेलं, हसलं, निघून गेलं. चौरंगाजवळ मी एकटी. तिथे वास नाही, एवढं एक सोडलं तर सगळं तसंच आहे.

मग दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे ते खाकरणं. आधी एक मोठं, मग जरा थांबून एक बारीक. आत सुना असतील तर त्यांनी सावरून घ्यावं म्हणून. लग्न होऊन आल्यापासून मी ते ऐकत आले होते, आणि ऐकलं की माझा हात कुठेही असला तरी डोक्याकडे जातो. आजही गेला. मी पदर ओढला, तो चष्म्यावरून नाकापर्यंत आला, आणि बाजूला सरायला म्हणून खुर्ची मागे ढकलली ती भिकन पाटलांच्या टेबलावर आपटली.

"काय झालं मॅडम? आत सासरे आले का?"

सगळे हसले. मीही हसले असेन.

आत दारात एक निळ्या शर्टाचा तरुण उभा होता. सगळ्यांना आत तेच शरीर मिळतं. डोक्यावर नावाच्या जागी 'अतिथी' लिहिलेलं. ज्यांनी नाव दिलेलं नसतं त्यांच्यावर ते आपोआप येतं. तो कोपऱ्याकडे गेला, पाट उचलला, खिडकीजवळ मांडला आणि त्यावर बसला. तिथे बसल्यावर पाय नीट दुमडत नाहीत, गुडघे जमिनीत जातात. ते मला दुरुस्त करता आलं असतं. मी केलं नव्हतं.

मी काय केलं सांगू? माझं ते खोटं शरीर मी दाराआड नेऊन उभं केलं. थोरल्या दिरांसमोर मी कधी उभी राहिले नाही, त्यांच्याशी सरळ बोलले नाही, तर आता कशी राहणार? पण त्यांना माझी हालचाल दिसली.

"कोण आहे?" ते म्हणाले. आवाज थकलेला होता.

मी दाराआड आणखी मागे सरकले.

"बाई? बाई, तू आहेस का?"

त्यांना मी सासूबाई वाटले. मी चष्मा काढला. टेबलावर चहा गार झाला होता.

हे सगळं लिहून झालं आणि आता प्रश्न पडला आहे की हे तुम्हाला पाठवावं का. दादांनी तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या कार्डावर ते वाक्य नसतं. ते तुमच्यापासून लपवून येतात. ते मी तुम्हाला सांगणं म्हणजे चहाडी होते. न सांगणं म्हणजे मीही तुमच्यापासून लपवणं होतं. रोजनिशीत आधी 'सांगायचं नाही' असं लिहिलं, मग ते खोडलं.

पत्र पाकिटात घालत नाही.

&nbsp;

४ ऑगस्ट

निर्मलावहिनी,

वरचं पत्र टाकलं नव्हतं, ते याच पाकिटात पाठवते. म्हणजे माझं ठरलं आहे.

त्या दिवसानंतर पाट हलला नाही. नागपंचमी आली, गेली. रोज दुपारी मी कामातून उठून बघायची, आणि पाट कोपऱ्यात तसाच. माझ्या गप्प राहण्याने ते परत गेले, असं मला वाटलं. घरातून आधी गेले, आता इथूनही. खोली पुसायची तर हीच वेळ, आता तिथे कुणी येत नाही, असंही मनात आलं. दोन्ही विचार एकाच डोक्यात कसे राहतात कळत नाही.

आज दुपारी पाट पुन्हा खिडकीजवळ होता.

मी तशीच चौकसे सरांकडे गेले.

"सर, शनिवारी मी ती खोली दाखवणार नाही. त्याआधी ती काढून टाकणार आहे."

"मग दाखवणार काय?"

"केळीचा बाग."

"उसमें तो पत्ते जमीन से निकलते हैं!"

"तेवढं दुरुस्त करते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वंदनाजी, सोच लीजिए. आपल्या कन्फर्मेशनचा कागद माझ्या सहीने जातो. मी काय लिहू त्यात? एवढं चांगलं काम केलं आणि स्वतः मिटवलं?"

"हो सर. तसंच लिहा."

"कारण?"

"ती खोली सगळ्यांसाठी उघडी ठेवायला नको होती. चूक माझी आहे."

"आज काढताय?"

"नाही. उद्या एक दिवस राहू द्या."

त्यांना काय समजलं, माहीत नाही. "बागेकडे बघा मग," एवढं म्हणाले. कायम करतील असं आता वाटत नाही. बाहेर आल्यावर भिकन पाटलांनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, पानांचं काम आहे. ते म्हणाले, "चला, मी पण बसतो. खेती तर आपल्या घरची आहे." संध्याकाळपर्यंत आम्ही पानं खांबाला चिकटवत होतो.

घरी सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. शनिवारच्या दळणाचे गहू निवडत होत्या. आमचे हे अजून आले नव्हते. मी समोर बसले.

"बाई, खोली पुसते आहे."

"बरं झालं."

"पण त्याआधी एक सांगायचं आहे. तिथे एक जण रोज दुपारी येतात. एकटेच. चौरंगाला हात लावत नाहीत. पाट घेतात आणि बसतात."

"कोन?"

"नाव लिहिलेलं नसतं. पण आत यायच्या आधी दारात खाकरतात."

सूप थांबलं. त्यांनी वर बघितलं नाही.

"त्यांनी मला विचारलं, 'बाई, तू आहेस का?'"

"मंग तू काय म्हनली?"

"मी काय म्हणणार? मी त्यांच्याशी बोलत नाही."

"येडी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, हळू, "येडी माय." सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात फेकला. मग दुसरा. मला वाटलं, बोलणं संपलं. मी उठले.

"तिथं मी बोलली तर त्याले ऐकू जाईन?"

"जाईल."

"मी दिसीन त्याले?"

"दिसाल. पण तुमच्यासारख्या नाही. तिथे सगळे सारखेच दिसतात."

"आन् तो?"

"तेही."

"काय बाई तुमचं," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि आतल्या पेटीतून ती जांभळ्या काठांची साडी काढली, सणाची. घडी उलगडून काठ तपासत म्हणाल्या, "तिथं जायले चप्पल काढा लागते का?"

"नाही बाई."

"मी काढीन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "गजाननले सांगू नको आत्ताच. त्याचं मी पाहीन."

वहिनी, माझ्या मनात आहे ते सगळं लिहिते. दादा उद्या येतीलच असं नाही. आले तरी आईचा आवाज ऐकून उठून जातील, असंही होऊ शकतं. सासूबाईंना चष्म्यात गरगरेल. त्या काय बोलतील ते मी विचारलेलं नाही. आपण दोघी त्यांच्या सुना, त्यांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. तिकडे गेल्यावर त्या मुलाला बोल लावतील की जेवायला बोलावतील, हे मला खरंच सांगता येत नाही. मी त्या वेळी बाजूला राहून चष्म्याचा पट्टा धरणार आहे, आत जाणार नाही.

हे पत्र आज पेटीत टाकलं तर नेपानगरला तुमच्याकडे शनिवारी पोचेल. म्हणजे उद्या तुम्ही दादांना अडवू शकणार नाही, आणि आधी सांगून त्यांना तयारही करू शकणार नाही. हे मी मुद्दाम केलं का, असं स्वतःला विचारलं. हो, मुद्दाम केलं. त्यांनी ठरवून यायला नको, रोजच्यासारखं यावं. तुम्ही रागावलात तर ते माझ्यावर.

परवा खोली नसेल. त्यानंतर त्यांना यायचं असेल तर इतवाऱ्यातलं दार आहे, ते कसं उघडायचं हे सासूबाईंचं आणि त्यांचं. माझ्या हातात होतं तेवढं उद्या संध्याकाळपर्यंत उघडं आहे.

रोहिणीला आशीर्वाद.

तुमची,
वंदना

ता. क. रोजनिशीत आज एवढंच लिहिलं: उद्या, चहाच्या सुट्टीआधी सासूबाईंना विभागात नेणे.